साडेपाच मीटर, पावणेपाच फूट

पाच फुटांखालच्या बाईला या देशात दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण, आणि दुसरी, उंच दिसण्यासाठी काय घालावं याचा सल्ला. म्हण ऐकवणारे एकदा ऐकवून गप्प बसतात. सल्ला देणाऱ्यांना थांबा माहीत नाही. उभ्या पट्ट्या घाल. मोठी फुलं नकोत. वरपासून खालपर्यंत एकच रंग ठेव. रुंद काठाकडे बघूसुद्धा नकोस. गळा ‘व्ही’ घे, टाचा चढव, केस वर बांध. हे सगळं एका अंगावर एकाच दिवशी केलं, तर बाई उंच दिसत नाही; शाळेच्या स्नेहसंमेलनात दिव्याच्या खांबाचं काम मिळालेल्या मुलीसारखी दिसते.

माझी उंची चार फूट नऊ इंच. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर आमच्या तीर्थरूपांनी ती पाच फूट लिहिली होती, आणि खाली ‘स्थळाकडून अपेक्षा’ या रकान्यात ‘प्रामाणिकपणा’.

तर आधी थोडा हिशेब. जगभरातल्या माणसांच्या शंभर वर्षांतल्या उंचीचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास निघाली. म्हणजे धरूनबांधून पाच फूट. अमेरिकेत पाच फूट चार इंचांच्या आतल्या बाईला ‘पेटीट’ म्हणतात आणि दुकानात तिच्यासाठी वेगळा कोपरा ठेवतात. गंमत अशी, की तिथल्या बाईची सरासरी उंचीच जेमतेम तेवढी आहे. म्हणजे निम्म्या बायकांनी त्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभं राहायचं. तीच पट्टी इकडे लावली तर आपल्याकडच्या बहुतेक सगळ्याच बायका ‘पेटीट’ ठरतात. न्यायाने पाहिलं तर इथलं अख्खं दुकान पाच फुटीला मिळायला हवं, आणि ‘उंच महिलांसाठी’ अशी पाटी लावून जिन्याखाली एखादा रॅक. प्रत्यक्षात दुकानाच्या दारात पावणेसहा फुटी पुतळा उभा असतो. त्याच्या अंगावरचा कुर्ता पोटरीशी थांबतो. तोच आपण आत जाऊन घातला की घोट्याशी येतो, आणि विक्रेती मान तिरकी करून म्हणते, ‘‘मॅडम, हल्ली असंच चालतं.’’

चालत नाही. शेहेचाळीस इंची कुर्ता पाच फूट आठ इंचांच्या मॉडेलला जमिनीपासून चांगला फूटभर वर राहतो. माझ्या अंगावर खाली उरतात दोन-अडीच इंच. त्याला कुर्ता म्हणणं हे दुकानदाराचं औदार्य. त्यातून त्याचे बाजूचे कट उंच बाईच्या कंबरेखाली सुरू होतील अशा बेताने ठेवलेले असतात, ते आपल्या पार मांडीवर उतरतात. मग रिक्षात चढताना ‘कट’ नावाची सोय कशाला असते, याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

हा घोळ फार जुना नाही. साडीला साइझ नसतोच. पंजाबी ड्रेस घरोघरी आला तोही कापड म्हणून आला. लक्ष्मी रोडवर किंवा हिंदमात्याला जायचं, ड्रेस पीस घ्यायचा, कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे टाकायचा. मास्तरांच्या गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या काकूंपर्यंत आपला खांदा, मुंढा, छाती आणि घेर पोचायचा. लाज जायची हे खरं, पण कापड आपल्या अंगावर बेतलं जायचं. आता कापड आधीच बेतून तयार असतं आणि अंग त्यावर बेतून आणायचं असतं. न बसल्यास दोष अंगाचा. ‘‘थोडं वजन कमी केलंत की मस्त बसेल,’’ असं सांगणारा शिंपी मी पाहिला नव्हता. सांगणारी दुकानं आता गल्लोगल्ली आहेत.

आणि साइझ म्हणजे तरी काय? एस, एम, एल, एक्सएल. छत्तीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस. ही सगळी छातीची मापं. लांबीविषयी ही अक्षरं चकार शब्द काढत नाहीत. बुटकी आणि बारीक बाई निदान एसमध्ये कशीबशी मावते; बुटकी आणि अंगाने भरलेली बाई मात्र दोन्हीकडून मार खाते. तिला छातीसाठी एक्सएल घ्यावा लागतो, आणि एक्सएलबरोबर खांदा, मुंढा, बाही सगळंच वाढत जातं. छाती वाढली की खांदेही रुंदावतात, असा कारखान्याचा ठाम समज आहे. बाळंतपणानंतर कुठल्या बाईचे खांदे रुंद झालेत? पण कारखान्यात बाळंतपणाचा विचार रजेपुरताच होतो, आणि तोही नाइलाजाने.

१९४०च्या दशकात न्यूयॉर्कची डिझायनर हॅना ट्रॉय हिच्या लक्षात आलं, की पुष्कळ बायकांचं खांद्यापासून कंबरेपर्यंतचं अंतरच बाजारातल्या कपड्यांपेक्षा कमी असतं. तिने त्यासाठी वेगळी मापं काढली आणि ‘पेटीट’ हा प्रकार तिकडच्या बाजारात रुजला. त्यातला शहाणपणा लक्षात घ्या. नुसता खालून कापलेला कपडा म्हणजे पेटीट नव्हे. त्यात कंबर वर सरकते, मुंढा उथळ होतो, गुडघा वर येतो, खिसेसुद्धा हात पोचेल तिथे येतात. आपल्याकडे निफ्ट या फॅशन संस्थेने भारतीय मापांचा तक्ता तयार करण्याचा प्रकल्प २०१८ साली जाहीर केला. सहा शहरांतल्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असं ठरलं. तोवर स्वातंत्र्याला सत्तर वर्षं होऊन गेली होती. एवढी वर्षं आपण विलायती मापांचे तक्ते इकडेतिकडे दाबून आणि उसवून वापरत होतो.

बाजार असा, आणि सल्ले तर त्याहून वरचढ. उभ्या पट्ट्यांचं प्रकरण सरळ शास्त्रालाच विचारू. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दृष्टीवरच्या आपल्या ग्रंथात १८६७ सालीच दाखवून ठेवलं, की एकाच मापाचे दोन चौकोन घेऊन एकात आडव्या आणि दुसऱ्यात उभ्या रेघा भरल्या, तर आडव्या रेघांचा चौकोन जास्त उंच आणि अरुंद भासतो. आडव्या पट्ट्यांच्या झग्यात बायका उंच दिसतात, हेही त्यानेच नोंदवलं. पुढे २०११ साली यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी सहकारी घेऊन हे बाईच्या आकृतीवर तपासलं. आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, या समजुतीला काही आधार मिळाला नाही. दीडशे वर्षं प्रयोगशाळा एक सांगते आहे आणि मावशी दुसरं. कपाट अर्थातच मावशीच्या सांगण्यावरून भरतं. (म्हणून लगेच आडव्या पट्ट्यांचे टी-शर्ट आणायला धावू नका. टी-शर्टचा खांदा दंडावर लोंबत असेल तर हेल्महोल्ट्झ स्वतः आला तरी काही करू शकणार नाही.)

मोठ्या वस्तू टाळा, हा दुसरा हुकूम. मोठी पर्स नको, मोठं घड्याळ नको, मोठे झुमके नकोत. लहान अंगाला लहान वस्तू. सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर, दोघेही पाच फूट पाच इंचांच्या आसपासचे. पुरुषांत ही उंची आपल्याच गल्लीतली. सचिनची बॅट जवळपास दीड किलोची, त्याच्या काळातल्या जड बॅटींपैकी एक. ‘लहान चणीला ही अ‍ॅक्सेसरी शोभत नाही’ असं त्याला कोणी सुचवल्याचं ऐकिवात नाही. गावसकरांना उंच दिसण्यासाठी उभ्या पट्ट्यांचे पॅड घ्या असं कोणी म्हटलं नाही. पॅडला उभ्या पट्ट्या असतातच, पण त्या नडगी वाचवायला. पुरुष बुटका असला की त्याला ‘लिटल मास्टर’ म्हणतात. बाई बुटकी असली की तिला टाचा सुचवतात.

आणि बाईचंच उदाहरण हवं, तर फ्रेंच गायिका एदित पियाफ पाच फुटांखालचीच होती. पियाफ म्हणजे चिमणी. हे नाव तिला पॅरिसच्या एका नाइटक्लबवाल्याने १९३५ साली दिलं. ती आयुष्यभर साधा काळा झगा घालून मोठमोठ्या रंगमंचांवर एकटी उभी राहिली. पिसं नाहीत, मुकुट नाही. लहान दिसायचं तिने ठरवूनच टाकलं होतं.

आता टाचा. टाचांवरचे सल्ले जिथे तयार होतात, तिथली माणसं बूट घालून घरभर फिरतात. आपल्याकडे उंबरठा आहे. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मंगळागौर, सत्यनारायण, गणपतीची आरती: बाई जिथे सर्वांत जास्त नटून जाते तिथे चपला बाहेर राहतात. तीन इंचांच्या टाचेवर नेसलेली साडी उंबरठा ओलांडताच एकाएकी तीन इंच लांब होते. मग एका हाताने निऱ्या उचललेल्या, दुसऱ्या हातात वाणाची पिशवी, आणि समोरून कोणीतरी कुंकवाचा करंडा पुढे केलेला. कपाळ पुढे करावं तर निऱ्या सुटतात. बघण्याच्या कार्यक्रमात तर टाचांचा मुळीच उपयोग नाही. मुलाकडची आत्या ‘‘जरा पाणी आणतेस का गं?’’ म्हणते, ते काही तिला तहान लागलेली असते म्हणून नव्हे. आणि तेव्हा तुमच्या टाचा दाराबाहेर, तिच्याच चपलांच्या शेजारी, निवांत पडलेल्या असतात.

म्हणून घरगुती समारंभाची साडी अनवाणी उभं राहून नेसायची. हॉलमध्ये, लग्नाच्या रिसेप्शनला टाचा घालायच्या असतील तर त्या घालूनच नेसायची. आणि पँट शिवायला किंवा कापायला देताना जे घालून ती वापरणार ते पायात असलंच पाहिजे. एका पँटीला एक चप्पल. हा नियम कंटाळवाणा आहे, पण खोटा नाही.

साडीवर जरा थांबू, कारण साडीत बाई आणखी बुटकी दिसते, साडी बुटक्यांसाठी नाही, असं सांगणाऱ्या बायका याच राज्यात राहतात. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच असतो. पाच फुटी बाईच्या कंबरेपासून जमिनीपर्यंत अंतर भरतं छत्तीस-सदतीस. राहिलेले नऊ-दहा इंच जातात कुठे? परकराच्या नाडीत, चुरगाळून, गोल फिरत. साडीत पोट दिसतं म्हणतात. त्यातलं निम्मं पोट साडीचंच असतं. उंच बाईला हे कोंबणं दोन-तीन इंचांवर भागतं, म्हणून ती ‘चापूनचोपून’ दिसते आणि आपल्याला विचारलं जातं, ‘‘कितवा महिना?’’

यावरचा उपाय आमच्या पिढीने आयांकडून शिकायला हवा होता, तो राहून गेला. नेसण्याआधी साडीची वरची कड जास्तीच्या इंचांएवढी सरळ आत दुमडायची, तिच्यावर इस्त्री फिरवायची, आणि मग ती घडी सपाट खोचायची. परकराची नाडी पुढे बेंबीवर न बांधता बाजूला. साडेपाच मीटरमधली लांबीही उरतेच. ती सगळी निऱ्यांत घातली तर पुढे गठ्ठा होतो. चार निऱ्या कमी घ्या आणि पदर लांब सोडा, गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत खुशाल. नवी कडक सुती साडी एकदा पाण्यातून काढून खळ घालवा, मग बघा ती अंगाशी कशी बोलते. ऑर्गन्झाशी मात्र वाद घालू नका. ती फुगायलाच जन्माला आली आहे.

आणि रुंद काठ? हिशेबाने दहा इंचांचा काठ छत्तीस इंचांतला पाव भागाहून जास्त खातो, हे मान्य. बारीक काठ किंवा महेश्वरीचा नेमका काठ लहानखुऱ्या बाईला सोपा जातो, हेही मान्य. पण आजीची कांजीवरम कपाटात कुजवून ‘माझ्या उंचीला नाही शोभत’ म्हणणं हा शुद्ध करंटेपणा आहे. खांद्यावरच्या निऱ्या अरुंद घ्या, नीट पिना लावा, ब्लाउजचा खांदा आणि बाही चोख शिवून घ्या, आणि नेसा. लग्नात लोक काठ बघायलाच येतात.

जाता जाता नऊवारीला नमस्कार केला पाहिजे. कासोटा घालताना ती हवी तेवढी वर घेता येते. शेतात गुडघ्याशी, देवळात घोट्याशी, लुगडं एकच. ज्या बाजाराला अजून पाच फुटी बाईची पँट जमत नाही, त्याने एकदा नऊवारी नेसून पाहावी.

साडी सोडून बाकीच्या कपड्यांचं सूत्र मी एकच मानते: आधी खांदा. शिवणीचा सांधा आपल्या खांद्याच्या हाडावर बसला की उरलेल्या चुका दुरुस्त करता येतात. खांदा दंडावर उतरला असेल तर कपडा कितीही सुंदर असो, परत टांगा. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही काढणं, मुंढा नव्याने कापणं, बाही परत बसवणं. चांगला अल्टरवाला याला आधी नाही म्हणतो आणि मग असा भाव सांगतो की तुम्हीच नाही म्हणावं. दुसरी बघायची गोष्ट कंबरेची शिवण. अनारकलीची किंवा वन-पीसची कंबर आपल्या नितंबावर आली, तर खालून कितीही कापा, धड लांब आणि पाय गायब. तिसरं म्हणजे खालच्या घेरावरचं भरतकाम. ते सुंदर असतं आणि कापताना तेच जातं. हे तिन्ही ठीक असेल तर लांबी, बाही, बाजू यांना घाबरण्याचं कारण नाही. दादरला किंवा तुळशीबागेच्या आसपास मशीन मांडून बसलेले कारागीर हे काम चहा निवेपर्यंत करून देतात. फक्त त्यांना दोन गोष्टी बजावून सांगा. कुर्ता खालून आखूड केला की कट वर उघडून द्यायचा, नाहीतर चालता येत नाही. आणि थ्री-फोर्थ बाही कोपराखाली थांबली पाहिजे. मनगटाजवळ घुटमळणारी थ्री-फोर्थ ही फुल बाहीच असते, फक्त थोडी आटलेली दिसते.

रेडिमेडच्या किमतीत अल्टरचे पैसे धरूनच चाला. तीन कुर्ते घेणार असाल तर दोन घ्या आणि उरलेले पैसे शिंप्याला द्या. ‘स्वस्तात मिळाला’ म्हणून आणलेले आणि खांद्यावरून घसरणारे कुर्ते माझ्या ओळखीच्या प्रत्येक लहानखुऱ्या बाईकडे गठ्ठ्याने आहेत. ते बोहारणीलाही नको असतात; तिलाही खांदा कळतो.

‘‘मॅडम, तुम्ही किड्स सेक्शनला बघा ना, चौदा वर्षांच्या साइझमध्ये,’’ हे वाक्य ऐकून घ्यावं लागलेल्या वाचकांसाठी एवढंच, की रागवू नका, दरही कमी असतात. टी-शर्ट, स्वेटर, पायजमा जरूर घ्या. शर्ट आणि वन-पीस मात्र नको. चौदा वर्षांच्या मुलीच्या कपड्यात टक्स नसतात आणि बटणं तुमच्या छातीशी दिवसभर भांडत राहतात. शिवाय छातीवर युनिकॉर्न असतो.

रंगांबद्दल मला काही म्हणायचं नाही. हवा तो घाला.

म्हणायचं आहे ते दुकानदारांना आणि ब्रँडवाल्यांना. तुमच्याच दुकानात, वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या पँटी टांगलेल्या असतात. त्यांच्या लेबलावर दोन आकडे असतात: कंबर बत्तीस, लांबी तीस. पुरुषाला लांबीही असते हे तुम्हाला कधीच समजलं आहे. त्याच इमारतीत एक मजला खाली बाईच्या कपड्यावर फक्त एक अक्षर. तिच्या कुर्त्याच्या आणि पँटीच्या लेबलावर दुसरा आकडा छापायला जास्तीची शाई ती किती लागणार?

आणि वाचकहो, या दिवाळीच्या खरेदीला निघाल तेव्हा आपला सर्वांत चांगला बसणारा कुर्ता पलंगावर पसरून खांद्यापासून खालपर्यंत टेपने मोजा, आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि दुकानात रंग, डिझाइन, ऑफर यांच्याआधी विचारा: ‘‘लांबी किती?’’ सांगता आली नाही, तर पुढच्या दुकानात जा.